बोअरवेलच्या पिकअपचे मागचे पाटे: इंदूरच्या वर्कशॉपमधल्या नोंदी

१७ फेब्रुवारी २०२५

गाडी: डिझेल पिकअप, सिंगल केबिन, नऊ फुटी हौदा, मागे पाट्यांचे (एकावर एक बांधलेल्या पोलादी पट्ट्यांचे) सस्पेन्शन, पाटे हाउसिंगच्या (मागच्या अ‍ॅक्सलच्या कवचाच्या) वर. (इंदूरच्या बाजारात यालाच कमानी म्हणतात. सामान घेताना तोच शब्द वापरावा.) काम बोअरवेलच्या मोटारी काढण्या-बसवण्याचे. जनरेटर, हत्यारांची लोखंडी पेटी, तिपाई आणि चेनपुली हौद्यातच राहतात, रोज उतरवत नाहीत. कामावर निघताना यात कॉलम पाइप, केबल, मोटार आणि माणसांची भर पडते.

तक्रार: भरल्यावर गाडी मागून बसते, खड्ड्यात बफरवर (चेसिसखालच्या रबरी ठोकळ्यावर) आपटते, घाटात स्टिअरिंग हलके लागते. मागणी: दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवून द्या.

पाट्याला हात लावण्याआधी वजन केले. सांवेर रोडच्या धरमकाट्यावर (गाड्या तोलायच्या वजनकाट्यावर) पूर्ण गाडी, फक्त पुढची चाके, फक्त मागची चाके, अशा तीन पावत्या घेतल्या. एका अ‍ॅक्सलचे वजन घेताना काट्याचा पत्रा आणि बाहेरची जमीन एका पातळीत हवी, इंजिन बंद हवे आणि हँडब्रेक सोडलेला हवा. नाहीतर पन्नास-साठ किलोची चूक सहज होते. पुढचे आणि मागचे मिळून एकूण वजनाशी जुळले, म्हणजे पावत्या भरवशाच्या.

आरसीवर एकूण २,९९० किलो. पुढच्या अ‍ॅक्सलला १,०७०, मागच्याला १,९२०.

कायमच्या सामानासह, चालक धरून: एकूण २,३१०, पुढे ९००, मागे १,४१०.
कामाला निघताना पूर्ण भरून: एकूण २,९४०, पुढे ८९०, मागे २,०५०.

एकूण वजन हद्दीत आहे, म्हणून मालकाला काही चुकतेय असे वाटले नव्हते. पण मागचा अ‍ॅक्सल १३० किलोने जास्त भरलेला आहे. ६३० किलो चढवल्यावर पुढचे वजन वाढायच्या ऐवजी दहा किलोने घटले, म्हणजे चढवलेला माल अ‍ॅक्सलच्याही मागे लटकतो आहे. स्टिअरिंग हलके लागते ते यामुळेच.

टायरही पाहिले. बाजूवर भार निर्देशांक १०६, म्हणजे एका टायरला ९५० किलो, दोन मिळून १,९००. २,०५० किलोला टायरही पुरत नव्हते. पाटा कितीही जाड घातला तरी हा आकडा हलत नाही. आजपासून या कामाची हद्द १,९०० किलो. त्याच्या आत गाडी नीट उभी राहावी आणि नीट थांबावी, एवढ्याचसाठी पाटे करायचे. आरसीवरचे वजनही नव्या पाट्यांनी वाढत नाही. जास्त भरलेली गाडी पकडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. मालकाला हे तोंडी सांगितले आणि जॉबकार्डावरही लिहिले.

१९ फेब्रुवारी

उंचीची मापे. सपाट फरशी, टायरमध्ये हवा पूर्ण, गाडी दोनदा पुढे-मागे हलवून मग उभी केली. पाटे एकमेकांना घट्ट धरून राहतात, नुसती उभी केलेली गाडी खरी उंची दाखवत नाही. पाच-सात मिमीचा फरक यातच पडतो. माप: बफर रबराच्या टोकापासून हाउसिंगवरच्या बैठकीपर्यंतची फट.

कायमच्या सामानावर: डावी ६२ मिमी, उजवी ७१.
पूर्ण भरून: डावी ४, उजवी १५.

डावीकडे चार मिमी. स्पीडब्रेकर सोडा, रस्त्यावरच्या साध्या सांध्यावरही गाडी बफर खाणार.

या दोन मापांतून पाट्यांची ताकदही निघते. पाट्यांच्या खालचे वजन, म्हणजे अ‍ॅक्सल, चाके, ड्रम, साधारण २०० किलो धरून वजा केले. एका बाजूच्या पाट्यांवर आधी ६०५ किलो होते, भरल्यावर ९२५. ३२० किलोला सरासरी ५७ मिमी दबले. म्हणजे दर मिमीला ५.६ किलो.

दोन्ही बाजू जवळपास सारख्याच दबतात, मग डावी आधीपासून नऊ मिमी खाली का? पेटी डावीकडे आहे हे एक कारण. तेवढेच असेल असे वाटत नाही. उघडल्यावर कळेल.

२१ फेब्रुवारी

पैसे न लागणारे काम आधी. जनरेटर (१५० किलो) मागच्या फाळक्याजवळ होता, तो १,६०० मिमी पुढे, केबिनच्या पाठीशी घेतला. पेटी (१८० किलो) १,२०० मिमी पुढे सरकवून हौद्याच्या लांबीच्या मध्यावर आणली, बाजू डावीच. चाकांमधले अंतर २,९०० मिमी. हिशोब असा: वजन गुणिले सरकवलेले अंतर, भागिले चाकांमधले अंतर. जनरेटरचे ८३ किलो आणि पेटीचे ७४ किलो, मिळून १५७ किलो मागून पुढे जायला हवेत.

धरमकाट्यावर पूर्ण भरून पुन्हा: एकूण २,९४०, पुढे १,०५०, मागे १,८९०. काट्याची पायरी दहा किलोची आहे, हिशोब जुळला. आता दोन्ही अ‍ॅक्सल आणि टायर हद्दीत आहेत, पण टायरला फक्त दहा किलो सुटतात. पुढचे टायर घेताना १०८ निर्देशांकाचे (एकाला १,००० किलो) घ्यायचे, असे ठरले.

फट, भरलेल्या गाडीवर: डावी १७, उजवी २८. एकही नट न उघडता तेरा मिमी मिळाले.

जनरेटरला आता केबिनच्या पाठीमागे हवा कमी मिळते. त्याचा सायलेन्सर उजवीकडे वळवला आणि मध्ये पत्रा लावला, नाहीतर केबिनचे रबर भाजले असते.

२४ फेब्रुवारी

किती आणि कसले पाटे, याचा हिशोब. आत्ताचा संच: पाच पाटे, रुंदी ७० मिमी, जाडी ८, डोळ्यापासून डोळ्यापर्यंत (मुख्य पाट्याच्या टोकांना वळवलेल्या कड्यांमधले अंतर) १,२०० मिमी.

पाट्यांची ताकद पाट्यांच्या संख्येच्या आणि रुंदीच्या पटीत वाढते, जाडीच्या घनाच्या पटीत वाढते आणि लांबीच्या घनाच्या पटीत कमी होते. जाडी ८ ची ९ केली की ताकद १.४२ पट. पाचाचे सहा पाटे केले तर १.२ पट. पाचही पाटे ९ मिमीचे करायला सांगणारे पुष्कळ भेटतात. तसे केले तर गाडी भरल्यावर उभी राहते खरी, पण कमी वजनावर मागून उडते, चाक रस्त्यावर टिकत नाही आणि हादरा पाटा जिथे अडकवलेला असतो त्या चेसिसच्या हँगरला जातो. शिवाय तेवढ्याच दबण्यात जाड पाट्याला जास्त ताण बसतो. म्हणून जाडी ८ च ठेवायची आणि पाटे सहा करायचे. सूत्राने दर मिमीला ६.९७ किलो.

ताणाचा आकडा यापेक्षा महत्त्वाचा. पाच पाट्यांवर एका बाजूला ९२५ किलो असताना उभ्या गाडीत ताण सुमारे ७३० मेगापास्कल येत होता. खड्ड्यात भार क्षणभर दीडपट-दुप्पट होतो, म्हणजे ११०० ते १,४५०. एसयूपी ९ जातीच्या पोलादाची पाणी दिल्यानंतरची (तापवून-विझवून कडक केल्यावरची) नम्यता हद्द, म्हणजे ज्याच्यापुढे पोलाद कायमचे वाकते तो ताण, किमान १,०८० आहे. पाटे दर खड्ड्याला थोडे थोडे कायमचे सरळ होत होते. सहा पाट्यांवर ८४५ किलोला हाच ताण ५५५ येतो.

पाट्यांच्या मदतीला लावतात त्या एअर बॅगचाही (हवेच्या रबरी पिशवीचाही) विचार केला. या गाडीवर वजन कायमचे आहे आणि ती वर्षभर शेतातल्या काळ्या मातीत फिरते. बॅगच्या घड्यांमध्ये चिखल वाळून रबर घासते. चेसिसवर सगळा भार एका ठिकाणी येतो, तो वेगळाच. या कामाला पाटेच बरे.

एकच पाटा जुन्या संचात सरकवायचा नाही. जुन्या खालच्या पाट्यांच्या लांबीच्या पायऱ्या ९६०, ७२०, ४८० आहेत. मध्ये सहावा घातला तर एका ठिकाणी दोन टोके जवळ येतात, पुढे मोठी मोकळी जागा राहते आणि पाटा नेमका तिथे मोडतो. पायऱ्या नव्याने पाडल्या: १,२००, १,२००, १,०००, ८२०, ६४०, ४६०. दुसरा पाटा मुख्य पाट्याच्या डोळ्याभोवती वळवलेला हवा, म्हणजे मुख्य पाटा मोडला तरी अ‍ॅक्सल जागेवर राहतो.

दोन्ही बाजूंचे पूर्ण नवे संच मागवले.

२७ फेब्रुवारी

जुने पाटे उतरवले. चेसिसखाली दोन घोड्या (आधाराचे स्टँड), हाउसिंगखाली जॅक. यू-बोल्ट (पाटे हाउसिंगला आवळून धरणारे) सोडण्याआधी जॅकने हाउसिंग इतकेच उचलायचे की पाट्यावर ताण राहणार नाही, नाहीतर शेवटचा नट सुटताच पाटा उसळतो. डावीकडचे यू-बोल्टचे नट हाताच्या पान्याने, जोर न लावता फिरले. सगळा उलगडा तिथेच झाला.

सेंटर बोल्ट (सगळे पाटे मध्यावर एकत्र बांधणारा) काढल्यावर डावीकडचा तिसरा पाटा दोन तुकड्यांत हातात आला. बरोबर सेंटर बोल्टच्या भोकातून मोडलेला. मोडलेल्या तोंडाचा दोन तृतीयांश भाग काळपट-तांबडा, जुना गंज धरलेला, त्यात भोकाच्या कडेपासून बाहेर गेलेल्या शिंपल्यासारख्या बारीक रेघा. उरलेला भाग करडा, खरखरीत, ताजा. म्हणजे भेग बरेच दिवस हळूहळू सरकत होती आणि उरलेले पोलाद अलीकडे एका झटक्यात गेले.

भोकापाशी पाटा सगळ्यात कमकुवत असतो. यू-बोल्ट घट्ट असतील तर भोकाच्या आसपासचा भाग वाकतच नाही, ताण यू-बोल्टच्या बाहेर सुरू होतो. यू-बोल्ट सैल झाला की पाटा भोकावर वाकू लागतो. सैल का झाले, तेही दिसले: पाट्याखालच्या बैठकीवर रंगाचा आणि गंजाचा जाड थर होता. तो दबून पातळ झाला आणि नट न फिरताच ताण गेला. बैठक तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासली. नव्या संचालाही बैठकीच्या जागी रंग लावायचा नाही.

नऊ मिमीच्या फरकाचे उत्तर या तुकड्यांत मिळाले. मागणीप्रमाणे वरून पाटा वाढवला असता, तर मोडलेला पाटा आतच राहिला असता.

उजवीकडच्या शॉकअपमधून तेल गळतेय. दोन्ही बदलणार. शॅकलचे (पाट्याचे मागचे टोक चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या दुव्याचे) बुश अंडाकृती झालेत, सहाही नवे.

४ मार्च

पाटे आले. घेण्याआधी प्रत्येक पाटा वर्नियरने मध्यावर आणि दोन्ही टोकांना मोजला. डाव्या संचाचा तिसरा आणि चौथा पाटा ७.४ मिमी निघाला. डोळ्याला दिसत नाही, हाताला कळत नाही. पण ७.४ चा घन ८ च्या घनाच्या ७९ टक्के आहे, तेवढाच जोर तो पाटा देणार. सहापैकी दोन असे असल्याने डावा संच सात टक्के मऊ, आणि पूर्ण भारावर गाडी आठ-नऊ मिमी डावीकडे कलणार. ज्या दोषासाठी गाडी उघडली तोच पुन्हा. दोन्ही परत केले.

वर्नियर नसेल तर वजनकाटाही चालतो. ७० बाय ८ ची पट्टी, सहा पाट्यांची मिळून लांबी ५,३२० मिमी, पोलादाचे वजन धरून २३.४ किलो होतात. डोळे, क्लिपा आणि बोल्ट धरून संच साधारण साडेचोवीस किलो भरावा. दोन्ही संचांत चारशे-पाचशे ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तर मोजल्याशिवाय घेऊ नये.

जुने पाटे ठोकून पुन्हा कमान चढवून घ्या, असाही सल्ला आला. थंड ठोकलेली कमान काही आठवड्यांत उतरते. गॅसने तापवून वाकवलेल्या पाट्याचे पाणीच उतरते. भट्टीत पूर्ण तापवून, तेलात विझवून, पुन्हा ठरलेल्या तापमानाला मऊ करणारा कारखाना असेल तरच ते काम करावे. तरीही भोकाशेजारची जुनी भेग त्याने बुजत नाही. पाट्यावर वेल्डिंगचा टाका तर कधीच मारू नये. ठिणगी पडलेल्या जागेवरूनसुद्धा पाटा मोडतो, म्हणून हौद्यात वेल्डिंग करताना पाट्यांवर ओले गोणपाट टाकावे.

८ मार्च

बदललेले दोन पाटे आले: ७.९५ आणि ८.०. संच बांधले. प्रत्येक पाट्याच्या टोकाखाली प्लॅस्टिकचे लायनर, बाकी ठिकाणी ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात. जळके इंजिन ऑइल मारण्याची पद्धत आहे, ती सोडावी. त्यावर धूळ चिकटते, त्या लगद्याने पाटे घासले जातात आणि शॅकलचे रबर फुगते.

सेंटर बोल्ट आठ मिमी लांब घेतला. त्याचे गोल डोके बैठकीच्या भोकात दोन्हीकडे सैल न होता बसते, हे गाडीखाली जाऊन आधीच पाहिले. ते डोकेच अ‍ॅक्सलला जागेवर ठेवते.

बांधलेला संच प्रेसखाली कामाच्या भारापेक्षा थोडा जास्त, पाच वेळा दाबून सोडला. नवे पाटे जे बसायचे ते थोडे इथेच बसतात. दोन्ही संच जमिनीवर उपडे ठेवून कमानीची उंची मोजली: फरक दोन मिमी. जास्त उंच निघालेला डावीकडे लावला, पेटी त्या बाजूला आहे.

११ मार्च

चढवले. यू-बोल्ट नवे, १४ मिमी, आधीपेक्षा दहा मिमी लांब. जुने यू-बोल्ट पुन्हा लावू नयेत. एकदा ताणलेल्या आट्यांवर टॉर्क रेंचचा आकडा येतो, पकड येत नाही. चार नट आडव्या-तिरप्या क्रमाने, ४०, मग ८०, मग १२० न्यूटन मीटर. नटाबाहेर किमान तीन आटे राहिले पाहिजेत.

पुढचा डोळा आणि शॅकलचे बोल्ट या वेळी फक्त हाताने लावले. चाके जमिनीवर आणून, कायमचे सामान हौद्यात ठेवून, गाडी पुढे-मागे करून मगच आवळले. गाडी हवेत असताना आवळले तर रबर बुश त्या स्थितीला धरून बसतो, जमिनीवर येताच पिळला जातो आणि थोड्याच दिवसांत फाटतो. घाईत सगळ्यात जास्त हेच चुकते.

फट, कायमच्या सामानावर: डावी ९५, उजवी ९४. पूर्ण भरून: डावी ५१, उजवी ५०. भरलेल्या गाडीत ओळंबा धरला, शॅकल किंचित मागे झुकलेला, म्हणजे बरोबर. तो पुढे झुकला असता तर कमान गरजेपेक्षा जास्त ठरली असती आणि धक्क्यात शॅकलच उलटायची भीती होती.

शॉकअप: कायमच्या सामानावर अजून ७० मिमी लांबायला जागा आहे. पुरेशी. प्रोपेलर शाफ्टचा कोन एका अंशाच्या आत बदलला, पाचर लागली नाही.

१२ मार्च

ब्रेक. पाटे बदलणारे बहुतेक जण हे काम सोडून देतात.

मागच्या ब्रेकच्या नळीत लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह आहे. त्याचा दांडा हाउसिंगला जोडलेला. गाडी मागून दबली की व्हॉल्व्ह समजतो वजन वाढले, आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. आता गाडी २८ मिमी उंच झाली, आणि तेवढ्याच वजनाला दबते कमी. भरलेली असूनही व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते. मग मागची चाके थांबवण्यात हातभार लावत नाहीत आणि उतारावर सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो.

पुढे आणि मागे ब्रेकच्या निपलच्या (हवा काढायच्या तोंडाच्या) जागी एकेक दाबमापक लावला, हवा काढली, पूर्ण भरलेल्या गाडीत पुढे ६० बार येईपर्यंत पेडल दाबले. जुन्या पाट्यांवर, पाटे उतरवण्याआधी, मागे ५२ बार आले होते. नव्यावर दांडा न हलवता ३९. दांड्याची लांबी थोडी थोडी बदलत ४९ वर आणले. ५२ वर नेले नाही, कारण मागचे वजन १६० किलोने घटले आहे.

मग उलट बाजू: कायमच्या सामानावर, ६० बारला मागे ३३. रिकाम्या जागेत ताशी ४० वरून जोरात ब्रेक, आधी पुढची चाके घसटली. मागची आधी घसटली असती तर दांडा परत घ्यावा लागला असता. भरलेल्या गाडीचा आकडा साधण्याच्या नादात हलक्या गाडीची शेपूट फिरू देऊ नये.

हेडलाइट: मागचा भाग वर आल्याने दहा मीटरवरच्या भिंतीवर उजेड दहा सेमी खाली आला. पुन्हा लावले.

१७ मार्च

भरलेली चाचणी: तेजाजी नगर, सिमरोळ, भेरूघाट आणि परत. बफरच्या रबराला खडूचा जाड थर लावून निघालो. परतल्यावर डावीकडचा खडू एका ठिकाणी पुसलेला, उजवीकडचा शाबूत. एवढ्या वाटेत एकदा हलकेच टेकला, हे ठीक. बफर कधीच टेकू नये असा हट्ट धरला तर पाटे जास्त कडक होतात.

घाट उतरल्यावर ड्रमला दुरून हात: चारही सारखे गरम. स्टिअरिंगला आता वजन आहे.

यू-बोल्ट पुन्हा तपासले: डावीकडचे दोन नट पाव फेरा फिरले. परवा रंगपंचमी, गेरीच्या (रंगांच्या मिरवणुकीच्या) दिवशी राजवाड्याकडची दुकाने उघडणार नाहीत. उरलेली क्लिप आजच आणून लावली.

५ एप्रिल

६४० किमी. यू-बोल्ट १२० वर, एकच नट थोडा फिरला. फट पूर्ण भरून: डावी ४५, उजवी ४४. सहा मिमी बसले, अपेक्षेइतके. बसल्यावर ४० च्या वर राहावे असेच ठरले होते. ब्रेकचा दाब ६० ला ५०.

३ मे

२,१०० किमी. यू-बोल्ट जागचे हलले नाहीत. फट ४४ आणि ४४.  बैठकीच्या कडेला गंजाची तांबडी रेघ कुठेच नाही. ती दिसली की यू-बोल्ट सैल समजावा आणि गाडी त्याच दिवशी उभी करावी, हे चालकाला गाडीखाली नेऊन दाखवले. पुढची तपासणी पावसाळ्याआधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात.